गांगजिनवालीला सामोरं

माझी थोरली जाऊ गांगजिनची, म्हणून सगळं गाव तिला गांगजिनवाली म्हणतं. तिचं खरं नाव दवाखान्यात नंबर लागला की कानावर पडतं, एरवी ते कुणाला लागत नाही. मी योंगामची, म्हणून योंगामवाली. आमच्या कोरियातल्या खेड्यांत लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव माहेरी राहतं आणि माहेराचं नाव तिच्याबरोबर सासरी येतं.

गांगजिनवालीचा आवाज मोठा होता असं नाही. मोठ्या आवाजाच्या बायका आमच्या गावात चिक्कार. सासूबाई तर परसात बोलल्या की समुद्रावरच्या होडीत ऐकू जायचं. पण हिचा आवाज लागायचा. म्हणजे कसं, डोक्यावर ओझं आहे, चढ आहे, पाय उचलत नाही, आणि ही शेजारी येऊन हळूच म्हणायची, "हे बघ, ते चिंचोळं वळण गेलं मागं. इथवर आणलंस की." तर पाय उचलायचा. तेच दुसऱ्या कुणी म्हटलं तर वाटायचं, मग तूच घे की डोक्यावर.

माझ्या मधल्या मुलाच्या शाळेत खेळ होते तेव्हाची गोष्ट. सगळ्या आया भाताच्या गुंडाळ्या डब्यात घालून मैदानात सतरंज्या टाकून बसलेल्या. आमचं पोरगं पळण्यात सगळ्यांच्या मागे. मी मान खाली घालून डबा उघडायला लागले. ही उठली आणि दोरीच्या बाहेरून त्याच्या बरोबरीने पळायला लागली. पायात रबरी बूट, एक कुठं उडून गेला तो शेवटपर्यंत सापडला नाही. पळता पळता त्याला सांगतेय, "पुढचा दमलाय रे. बघ त्याची मान." पुढचा कसला दमतोय. पण आमचा शेवटून दुसरा आला, आणि आता स्वतः आजोबा व्हायची वेळ आली तरी तो ती गोष्ट लोकांना सांगतो, पहिला आल्यासारखी.

माझ्या थोरल्या मुलीच्या बाळंतपणात सुईणीने हिला खोलीबाहेर काढलं होतं. म्हणाली, ही इथं राहिली तर शेजारणीसुद्धा बाळंत होतील. मग ही खिडकीखाली बसून राहिली आणि तिथून बोलत राहिली. शेजाऱ्यांची गाय भाताच्या खाचरात रुतली तेव्हा पुरुष दोर ओढत होते आणि ही गाईच्या कानाशी. गाय निघाली. पुरुष म्हणाले आम्ही ओढली. गाईला विचारायला हवं होतं.

आमच्या भाषेत धीर द्यायचा शब्द आहे, 'हिम्ने'. म्हणजे जोर काढ. परीक्षेला जाणाऱ्या पोराला, आजाऱ्याला, नोकरी गेलेल्या जावयाला, सगळ्यांना तोच. नवी पोरं मूठ वर करून 'फायटिंग' म्हणतात. माझी नात फोनवर मला रोज म्हणते. मी विचारलं, कुणाशी मारामारी करू, तुझे आजोबा तर झोपलेत. तर हसते.

गांगजिनवाली 'हिम्ने' फारसं म्हणायची नाही. तिचं म्हणणं असं, की जोर असता तर समोरच्या बाईने तो न सांगताच काढला असता. नसलेला कुठून काढेल? तिला झालेलं काम दाखवावं, राहिलेलं नाही.

तिला स्वतःला कधी कुणी असं काही सांगितलं असेल तर मला माहीत नाही. थोरले दीर मुके नव्हते, पण शब्द पैशासारखे जपून वापरायचे. जेवण बरं झालं तर दुसऱ्यांदा भात घ्यायचे, एवढीच शाबासकी. मात्र बाजाराच्या दिवशी ही बसने परत यायची तेव्हा ते बसथांब्यावर हजर असायचे, बस यायच्या बऱ्याच आधीपासून. हिच्या डोक्यावरचं बोचकं घ्यायचे, आपल्या पाठीवर टाकायचे आणि पुढं चालू लागायचे. मागे ही, रिकाम्या हाताने, बोलत. ते गेले त्यानंतर ही बाजाराला जाईनाशी झाली. आणि शेतमजुरीला नेणाऱ्या गाडीचा एक दिवस चुकवीनाशी झाली. गुडघे सुजले तरी जायची. सोलहून मुलगा दर रविवारी फोनवर सांगायचा, आई, आता पुरे. ही म्हणायची, हो. आणि सोमवारी पहाटे फाटकाशी उभी.

"घरात बसून काय करू, धाकटे?" मला म्हणाली. "फ्रिजशी बोलू? तो बोलतो, पण एकच गोष्ट."

आमच्या मुआनकडे माती तांबडी आणि कांदा गोड. मे संपता संपता पात आडवी पडते आणि काढणी सुरू होते. पूर्वी एकमेकींच्या शेतात जायचो, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आता तेवढी माणसंच गावात राहिली नाहीत. आता योंगनिम म्हणून एक मुकादमीण आहे, शेजारच्या गावातली सून, आमच्यापेक्षा बरीच तरुण. तिची पांढरी गाडी पहाटे दारोदार फिरते आणि आम्हा म्हाताऱ्या बायकांना गोळा करते. अंगावर फुलाफुलांच्या ढगळ विजारी, डोक्यावर मानेपर्यंत कापड लोंबणाऱ्या टोप्या, आणि बुडाला फोमची गोल गादी पट्ट्यांनी बांधलेली. त्या गादीवर बसायचं आणि सरकत सरकत कांदे उपटत जायचं. गादी बांधून आम्ही चालायला लागलो की मागून बदकांसारख्या दिसतो. पुढून कशा दिसतो ते विचारू नका.

ओळ घेतली की ती आपली. मध्ये कुणी हात घालायचा नाही. पण आपली ओळ संपली म्हणून बांधावर जाऊन बसायचंही नाही. जी मागे राहिली तिच्या ओळीच्या पलीकडच्या टोकाला जायचं, तिच्याकडे तोंड करून बसायचं आणि उपटत उपटत तिच्याकडे यायचं. याला आम्ही सामोरं जाणं म्हणतो. बसथांब्यावर माणसाला घ्यायला जातो, तसंच ते. दोघी जवळ आल्या की सामोरी आलेली थांबते. शेवटचा कांदा ती उपटत नाही. तो जिची ओळ तिचा. तिनं तो उपटला म्हणजे ओळ तिनेच संपवली. मग सामोरी आलेली म्हणते, "फार कष्ट घेतलेत." झालं. आभार मानायचे नसतात.

आणखी एक आहे. थोरलीला सामोरं धाकटीने आपणहून जायचं नाही. तसं जाणं म्हणजे तुमचं वय झालं असं तोंडावर सांगणं. थोरलीने हाक मारावी लागते. आमच्या टोळीत सगळ्यांत थोरली गांगजिनवाली, आणि तिने जन्मात कधी हाक मारली नव्हती. ती सगळ्यांना सामोरी जायची. तिला सामोरं जायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

मागच्या वर्षी टेकाडावरच्या मोठ्या शेताच्या आदल्या दिवशी योंगनिमने परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"मावश्यांनो, मी एक बोलते, रागावू नका," ती म्हणाली. आरशात बघून बोलत होती, पण कुणा एकीकडे नाही. "शेतमालक कुरकुर करतात. पलीकडच्या गावात एक आजी उन्हात पडली, तुम्ही ऐकलंच असेल. रताळ्याच्या हंगामाला मी टोळी लहान करणार आहे. उद्याच्या शेतात जिची ओळ तिच्याकडून पुरी होईल, ती रताळ्याला येईल. जिला सामोरं जावं लागेल, तिनं आता घरी आराम करावा. मला काही बरं वाटत नाही हे सांगताना."

सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक खताचं गोदाम होतं.

टोळीतली हेनामवाली म्हणाली, "मुकादमीणबाई, तुझेही केस पांढरे झालेत की."

"रंगवते मी."

"मग आम्हीही रंगवून येऊ उद्या. मालकाला कळायचं नाही."

सगळ्या हसल्या. योंगनिमही हसली. गांगजिनवाली मांडीवरच्या गादीची माती झटकत होती. बराच वेळ झटकत होती, तिच्यावर माती राहिली नव्हती तरी. त्या गाडीत चालकाच्या मागची खिडकीजवळची जागा तिची. ती जागा गेली तर पहाट झाली काय आणि न झाली काय, एवढं मला कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. टेकाडावरच्या शेताच्या ओळी वर चढत जातात, त्यामुळे खालून त्यांचं टोक दिसत नाही. एका परीने ते बरंच. गांगजिनवालीने ओळ घेतली, मी तिच्या शेजारची घेतली. धुकं होतं तोवर ती आमच्याबरोबर होती. डाव्या हाताने पात धरायची, उजव्या हाताने बुंध्याशी हलवायची, उपटून बाजूला ठेवायची, सरकायची. बोलतही होती. टोळीतल्याच नाजूवालीची सून फणकाऱ्याने माहेरी गेली होती, त्याबद्दल तिला सांगत होती, "येईल गं. तिनं हिवाळ्याचे कपडे नेले का? नाही ना? मग येईल."

मग धुकं गेलं आणि ऊन आलं. तांबड्या मातीला ऊन लागलं की खालून भाकरी भाजल्यासारखं वाटतं. तिचं बोलणं थांबलं. मधल्या खाण्याला शेवया आल्या, तांदळाची पांढरी दारू आली. तिच्या हातातून शेवया खायच्या काड्या निसटून मातीत पडल्या. नाजूवालीने लगेच आपल्याही काड्या पाडल्या आणि म्हणाली, "ह्या काड्याच बुळबुळीत आहेत, कुठून आणल्या." चांगली बाई आहे नाजूवाली. पण तिला खोटं जमत नाही, काड्या तिने जरा लांब फेकल्या.

दुपारनंतर ती मागे पडली. आधी थोडी, मग दिसण्याइतकी. माझी ओळ मी मुद्दाम सावकाश चालवत होते. मुद्दाम म्हणायचं, माझेही गुडघे काही नवे नाहीत. पण पुढच्या सगळ्या जणी पुढं गेल्या होत्या, आणि त्यांना मागे ती दिसत होती. सामोरं तर जाता येत नाही. गेलं की तिची जागा गेली. मग करायचं काय?

हेनामवालीने सुरुवात केली. मागे वळून ओरडली, "थोरल्या आक्का, हिम्ने!"

मग नाजूवाली. मग बाकीच्या. "हिम्ने, आक्का. थोडंच राहिलंय. अशाच या. शाबास." एकीने टाळ्यांचा ठेका धरला. एवढ्या वर्षांत गांगजिनवालीने त्यांना जे जे दिलं होतं ते सगळं त्या परत करत होत्या, दोन्ही हातांनी. प्रेमाने करत होत्या, यात काही शंका नाही.

योंगनिम खाली गाडीजवळ भरलेल्या जाळीच्या गोण्या मोजत होती. लांबून आमच्या सगळ्यांच्या टोप्या सारख्याच. कोण पुढं, कोण मागं, तिला काय कळणार होतं? पण एक 'हिम्ने' झालं की ती मान वर करायची. कुणाला म्हणतायत ते बघायची. मग पुन्हा खाली. परत 'हिम्ने', परत मान वर.

मी हेनामवालीला हाताने खूण केली. कळेना तिला. शेवटी दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, ओरडू नकोस."

"का? तिचंच तिला देतेय."

"तिला देतेयस, पण ऐकतेय मुकादमीण."

हेनामवालीचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात पलीकडून नाजूवाली ओरडली, "शाबास, थोरल्या आक्का," आणि खाली योंगनिमची मान वर.

गांगजिनवाली माझ्यापेक्षा हातभर मागे होती. श्वास ऐकू येत होता. म्हणाली, "त्यांना सांग, मी बहिरी नाही."

"सांगितलं."

जरा वेळाने म्हणाली, "धाकटे, मी जन्मभर लोकांना असाच त्रास दिला का गं?"

"नाही. तुम्ही जवळ येऊन बोलायचा. ह्या लांबून बोलतात."

"हं." तिने एक कांदा उपटला. तो बाजूला ठेवायला तिला बराच वेळ लागला.

"मी तुमच्या ओळीतले थोडे इकडून ओढते," मी म्हणाले. "कुणाला कळतंय."

"मला कळेल."

"तुम्ही कुणाला सांगणार आहात का?"

"गप. तुझी ओळ ओढ. मुकादमीण तुझ्याकडेही बघतेय."

ते खरं होतं. मी पुढं सरकले. सरकत गेले, ती मागे मागे राहत गेली, आणि माझी ओळ संपली, ती संपायला नको होती तरी. ओळीचं टोक दिसलं की हात आपोआप भराभर चालतात, इतक्या वर्षांची खोड. बांधावर बाकीच्या बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना आता गप्प राहा म्हणून सांगितलं, तर त्या गप्प राहिल्या, आणि ते जास्तच वाईट झालं. सगळं उपटलेलं तांबडं शेत, बाजूला कांद्यांच्या रांगा, आणि मधोमध ती एकटी, तिच्यापुढं हिरव्या पातीची एक पट्टी. आता योंगनिमला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गाडीला टेकून उभी होती, हात बांधून.

गांगजिनवाली थांबली. गादीवर बसल्या बसल्या तिने टोपी काढली. केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते. तिने एकदा खाली गाडीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मला वाटलं आता ती टोपी घालेल आणि परत लागेल कामाला, आणि मग पडेल. बाकीच्यांनाही तेच वाटत असणार, कारण नाजूवाली अर्धी उठून उभी राहिली होती.

"धाकटे," ती म्हणाली.

मोठ्याने नाही. पण लागला आवाज.

"ये गं सामोरी. मला होत नाही."

हेनामवालीने डोळे पुसले ते माझ्यापासून लपवून, आणि मला म्हणाली, "जा की, बसलीस काय?"

मी तिच्या ओळीच्या वरच्या टोकाला गेले. गादी नीट केली, बसले, आणि तिच्याकडे तोंड करून उपटायला लागले. ती तिकडून, मी इकडून. तिने टोपी परत घातली होती, तोंड दिसत नव्हतं, नुसती टोपी हलताना दिसत होती. नुसती टोपी मोठी मोठी होत गेली. मग टोपीवरची फुलं दिसायला लागली. मग तिचे हात. हाताच्या मोज्याच्या बोटांतून नखं बाहेर आलेली.

शेवटी मध्ये एकच कांदा राहिला. मोठा होता, पात माझ्या बाजूला पडलेली. मी हात मागे घेतला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तू ओढ," म्हणाली.

"तुमचा आहे."

"अगं, माझ्यात तेवढं उरलेलं नाही. ओढ आणि चल."

मी काय म्हणणार? हिम्ने म्हणाले असते तर तिने तो कांदा मला फेकून मारला असता, उपटता आला असता तर. मी तिच्या मागे बोट दाखवलं. खालून वर येणारी तिची ओळ, बाजूला एकापुढं एक ठेवलेले कांदे, शेवटचे शेवटचे जरा वाकडेतिकडे.

"ते बघा. तिथून इथवर आणलंत," मी म्हणाले.

तिने मागे वळून बघितलं. मग हसली. दमलेलं हसू, आवाज नसलेलं.

"माझंच मला देतेस."

"मग दुसरं कुठून आणू? माझं होतं कधी?"

तिने पात धरली. मी बोटाने बुंध्याजवळची माती जरा मोकळी केली. ती बघत होती, पण बोलली नाही. कांदा आला. तिने तो रांगेत ठेवला, सरळ केला.

"फार कष्ट घेतलेत," मी म्हणाले.

ती काही म्हणाली नाही. म्हणायचं नसतंच.

मग आम्हा दोघींनाही उठता येईना. मी तिचा हात धरून उठायला गेले तर ती माझ्याकडे कलली, तिने मला धरलं तर मी तिच्याकडे. शेवटी हेनामवाली खाली आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या दोन मोठ्या राहिल्यात की," बांधावरच्यांना म्हणाली. "उपटायला कुणी येतंय का?"

गाडीत गांगजिनवाली आपल्या जागेवर बसली आणि बसताक्षणी झोपली. डोकं काचेवर आपटत होतं. नाजूवालीने मधे आपली टोपी घातली. खताचं गोदाम आलं, गेलं.

गांगजिनवालीच्या फाटकाशी गाडी थांबली. मीही तिथेच उतरते, माझं घर पलीकडच्या भिंतीला लागून. मी तिला हलवून उठवलं. ती उतरली, पण फाटकाकडे वळली नाही. चालकाच्या खिडकीशी गेली.

"योंगनिम, रताळ्याला मी येणार."

योंगनिमने स्टिअरिंगवरचे हात काढले. "मावशी, काल आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. जिला सामोरं जावं लागेल तिनं घरी बसायचं. तुझं बरोबर आहे. तू आम्हाला शेतात मरू द्यायची नाहीस, तेही बरोबर आहे." ती जरा थांबली, दम घ्यायला. "तर मी एकटीनं ओळ घेणार नाही. ही आणि मी, दोघींत एक ओळ. मी ह्या टोकानं, ही त्या टोकानं. पहिल्यापासूनच सामोरं. एकीची मजुरी, ती दोघींत."

"मला कुणी विचारलं का?" मी म्हणाले.

"तुला काय विचारायचं? पुढच्या वर्षी हिनं तुलाही काढलंच असतं."

मी योंगनिमकडे बघितलं. ती आरशात बघायला लागली. आरशात काही नव्हतं.

"एका ओळीला गाडीत दोन जागा कशा देऊ मी?" ती म्हणाली. "मलाही हिशेब द्यावा लागतो, मावशी."

"मांडीवर घेते हिला. हलकी आहे. नीट जेवते कुठं?"

मागून हेनामवाली म्हणाली, "मांडीवर घेतलीत तर गुडघे जातील तुमचे, मग परत ओळ कुणी ओढायची?"

योंगनिम हसली नाही. गाडी गिअरमध्ये टाकली. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "दोघी जेवा आधी. गरम काही तरी करून जेवा." आणि गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आमच्याकडे ज्याला काही सांगायचं नसतं तोही जेवा म्हणतो, आणि ज्याला पुष्कळ सांगायचं असतं तोही जेवाच म्हणतो.

आम्ही माझ्याकडे जेवलो. सोयाबीनच्या पेस्टचं सार होतं, कालचा भात होता. आमचे हे टीव्हीसमोर होते, त्यांनी विचारलं, काय, झाली का काढणी? झाली म्हटलं. गांगजिनवालीने दुसऱ्यांदा भात घेतला.

जाताना फाटकाशी थांबली. "बसथांब्यावर तुझे दीर असेच यायचे," म्हणाली. "एक शब्द नाही."

"मी तरी बोलले."

"बोललीस. जरा जास्तच बोललीस. माती मोकळी करताना मला दिसत नव्हतं असं वाटलं का तुला?"

उन्हाळा असाच गेला. तिने मला काही विचारलं नाही, मी तिला काही विचारलं नाही. ती रोज पहाटे उठत होती हे मला भिंतीपलीकडच्या नळाच्या आवाजाने कळायचं. योंगनिमची गाडी आमच्या गल्लीवरून कितीदा गेली, थांबली नाही. भोपळ्यांना गेली, मिरचीला गेली. गांगजिनवाली तेव्हा अंगणात उभी राहायची, झाडू हातात घेऊन, अंगण झाडलेलं असलं तरी.

रताळ्याच्या पहिल्या दिवशी मी चहा ठेवत होते. भिंतीपलीकडे हॉर्न वाजला. मग माझ्या दारात वाजला. मी गादी शोधायला लागले, ती माळ्यावर टाकलेली. बाहेर गेले तर गांगजिनवाली आधीच गाडीत, पण तिच्या नेहमीच्या जागेवर नाही. ती जागा नव्या कुणा बाईला दिली होती, परगावची, तरुण, जोरदार हातांची. मागच्या बाकावर जिथं आम्ही पिशव्या ठेवायचो, तिथल्या पिशव्या काढून पायाशी ठेवल्या होत्या. जागा एकीचीच, पण दोन म्हाताऱ्या मावतात. मावतात म्हणायचं, वळणावर एकीला दुसरीला धरावं लागतं.

"सरक," ती म्हणाली.

"कुठं सरकू, दारात?"

तेव्हापासून आम्ही एकच ओळ घेतो. ती खालून, मी वरून. इतर बायकांच्या मागे असतो, पण फार नाही. आता कुणी आम्हाला लांबून ओरडत नाही. योंगनिम कधी कधी बांधावरून येऊन पाण्याची बाटली ठेवून जाते.

अडचण एकच झालीय. ओळ दोघींची, तर शेवटचं रताळं कुणाचं? ती म्हणते, तुझं. मी म्हणते, तुमचं. ती म्हणते, मी थोरली आहे, सांगते ते ऐक. मी म्हणते, थोरल्या आहात म्हणूनच. तोवर दोघीही इतक्या दमलेल्या असतो की भांडायलाही होत नाही. नुसत्या समोरासमोर बसतो, मध्ये ते रताळं मातीत. मग हेनामवाली येते, कपाळाला हात लावते, आणि ते काढून टोपलीत टाकते.

"फार कष्ट घेतलेत," म्हणते. टोमणा मारते, पण म्हणते.